बारावा सौदा

"आरळी, सध्या काय करतेस?"

"भाकरी करतेय, सर."

फोनवर पलीकडे गुरव सर खाकरले. "तसं नव्हे गं. एकूण म्हणतोय मी. आयुष्यात काय करतेस?"

तव्यावरची भाकरी उलटायला आली होती, त्यामुळे त्या प्रश्नावर फार विचार करायला सवड नव्हती. "तेच," मी म्हणाले.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरव सर आमच्या गावच्या कॉलेजात बीबीएचे विभागप्रमुख होते. प्रमुख म्हणजे काय, विभागात कायम नोकरीवर ते एकटेच. बाकीचे दोघे तासावर यायचे आणि तास संपला की मोटारसायकलला किक मारून जायचे. तीन वर्षं मी त्यांच्याकडे शिकले. लग्न होऊन गावातल्याच शेट्यांच्या घरात येऊन मला चार वर्षं झाली होती, पण सरांच्या रजिस्टरात मी अजून गिरिजा आरळीच होते. लग्नाची पत्रिका त्यांना द्यायची राहून गेली होती आणि त्याची मला लाज वाटत होती.

"शनिवारी विद्यापीठाची समिती येतेय," सर म्हणाले. "आपलं बीबीए चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवणार. साठ जागा आणि एकोणीस पोरं, असं झालंय. जुने विद्यार्थी दाखवायला पाहिजेत. तू ये. फक्त मला सांग, फॉर्मात रकाने तीनच आहेत. नोकरी, पुढचं शिक्षण, स्वतःचा व्यवसाय. तुला कशात घालू?"

"घरकामाला रकाना नाही?"

"नाही."

"मग सोडून द्या की मला."

"अकरा मुली सोडल्यात, आरळी. तुलाही सोडलं तर पहिल्या तीन बॅचमधली एकही मुलगी यादीत उरत नाही. समिती विचारेल, एवढ्या मुली शिकल्या त्या गेल्या कुठं?"

मुली कुठे गेल्या हे काही कुणाला शोधून काढावं लागलं नसतं. पण मला सरांना उलट बोलायची सवय नव्हती. "येते," म्हणाले आणि फोन ठेवला. तोवर भाकरी करपली होती आणि मधल्या खोलीतून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, "वास कशाचा गं?" असं विचारलंही होतं.

खरं सांगायचं तर मी सरांसाठी कबूल झाले नव्हते. दाराआड उभी राहून शिवलीला ऐकत होती, तिच्यासाठी झाले. शिवलीला माझी धाकटी नणंद. बारावीचा निकाल लागून तिला आठवडा झाला होता आणि अकरावीपासूनच तिने माझी बीबीएची पुस्तकं ट्रंकेतून काढून वाचायला घेतली होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निकालाच्या दिवशीच निकाल दिला होता. "गावात हाय तवर शिक म्हणावं. रोज एसटीनं सांगलीला जायचं आणि यायचं, ते आपल्यात न्हाई." वर जमखंडीहून एक स्थळ आलं होतं आणि त्यांना महिनाअखेर कळवायचं होतं. म्हणजे कॉलेजातलं बीबीए राहिलं तर शिवलीला शिकणार, गेलं तर जमखंडी. हिशेब इतका सरळ होता.

"वहिनी, जाशील न्हवं?" तिने विचारलं.

"जाते की. पण मी जाऊन काय दाखवणार तिथं?"

"तू हाईस एवढं दाखव. बास झालं."

अण्णा माणूस वाईट नव्हते. बेदाण्याचे अडते, शेतकऱ्यांचा माल सौद्यात विकून देणारे. चाळीस वर्षं बाजारात काढलेली. बाहेर त्यांचा शब्द चालायचा, त्यामुळे घरात त्यांना तो फारसा वापरावा लागत नसे. चार वर्षांत आमचं बोलणं चहा, पाणी आणि "महांतेशचा फोन आलता का?" यापलीकडे गेलं नव्हतं. महांतेश माझा नवरा. मालाच्या विक्रीसाठी महिन्यातले वीस दिवस दिल्ली नाहीतर कोलकाता. मला बघायला आले तेव्हा अण्णांनी बायोडाटा हातात धरून "बीबीए म्हंजे ग्रॅज्युएटच की," एवढं म्हटलं आणि लगेच कडक भाकरी जमते का ते विचारलं. जमत होती. लग्न ठरलं.

शनिवारी सकाळी नऊलाच सरांनी आम्हाला बोलावलं होतं. माजी विद्यार्थी मिळून आम्ही सातजण आलो होतो. वर्गातल्या फळ्यावर सरांनी स्वच्छ अक्षरात दोन मथळे लिहून ठेवले होते : बलस्थाने आणि संधी. त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं की कुठल्याही धंद्याची तपासणी चार बाजूंनी करायची. बलस्थानं, उणिवा, संधी आणि आव्हानं.

"सर, बाकीच्या दोन बाजू?" बँकेत लागलेल्या सागरने विचारलं.

"त्या समिती लिहिणारच आहे. आपण कशाला कष्ट घ्यायचे?" सर हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. चार वर्षांत केस बरेच पिकले होते.

मग त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. एका चिठ्ठीवर एक बलस्थान. सुसज्ज संगणक कक्ष, अनुभवी अध्यापक, मुलींसाठी सुरक्षित वातावरण, अशी. समितीने विचारलं की प्रत्येकाने आपापली चिठ्ठी म्हणायची, म्हणजे एकच गोष्ट दोनदा येणार नाही आणि काही सुटणारही नाही. संगणक कक्षातले निम्मे संगणक आमच्या वेळीही चालत नव्हते, तरी सागरने ती चिठ्ठी चुपचाप खिशात टाकली. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : "या अभ्यासक्रमामुळे मी आज स्वतःचा गृहउद्योग यशस्वीपणे चालवत आहे."

मी ती घेऊन सरांकडे गेले. "सर, माझा कसलाही गृहउद्योग नाही."

"पापड, लोणची काही करतेस की घरी?"

"खायला करते."

"मग झालं की. उद्योगच तो."

"सर, तुम्हीच सांगायचात. डोळ्यांनी पाहिलेलं वर लिहायचं, ऐकलेलं खाली तळटिपेत. जे पाहिलंही नाही आणि ऐकलंही नाही, ते कुठं लिहू?"

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसला. वाटलं, आता ओरडतील. पण ते हळू आवाजात म्हणाले, "आरळी, एकोणिसात तेरा मुली आहेत. इथलं बंद झालं तर त्यातल्या फार तर चार सांगलीला जातील. बाकीच्या कुठं जातील ते मी तुला सांगू का?"

त्यातली एक तर अजून कॉलेजात आलीही नव्हती, घरी बसून माझी वाट बघत होती. चिठ्ठी मुठीत घेऊन मी सभागृहात गेले. हे मी कबूल करते. खोटं बोलायचं ठरवूनच मी आत गेले होते.

सभागृहात टेबलं तीन बाजूंनी मांडली होती. समोर समितीचे तिघे, डावीकडे आम्ही जुने विद्यार्थी, उजवीकडे पालक आणि गावातले व्यापारी. खुर्चीत बसता बसता मी उजवीकडे पाहिलं. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, टोपी. दुसऱ्या खुर्चीवर अण्णा बसले होते.

सकाळी मी निघताना ते पूजेत होते. आत्याबाईंना सांगून निघाले होते. अण्णांना इथं कुणी बोलावलंय हे मला माहीत नव्हतं, आणि सर तेवढ्यात उभे राहून सांगायला लागले, "आणि हे आपल्या बाजारातले ज्येष्ठ अडते, श्री. बसवंतअण्णा शेटे. स्थानिक उद्योगाचे प्रतिनिधी म्हणून." सर अगदी समाधानाने बोलत होते. आरळी म्हणजे शेट्यांची सून हे त्या भल्या माणसाला ठाऊकच नव्हतं. माझ्या गृहउद्योगाचा साक्षीदार त्यांनी स्वतःच गाडी पाठवून आणला होता.

अण्णांनी मला पाहिलं. चारचौघांत सुनेकडे सासरे जसं पाहून न पाहिल्यासारखं करतात तसं केलं आणि पंख्याकडे बघत बसले.

आता काय करायचं? खोटं बोलले तर अण्णा गप्प बसणारे नव्हते. भर सौद्यात समोरच्याचं वजन चुकलं तर ते मोठ्यांदा सांगायचे, मग तो कोण का असेना. आणि गप्प बसले तरी घरी जाऊन मी तोंड कसं दाखवणार होते? खरं बोलले तर यादीतली एकुलती एक मुलगीही गळाली, आणि तिच्याबरोबर शिवलीलाही. हातातल्या चिठ्ठीवर मी घडीवर घडी घालत होते.

समितीच्या अध्यक्ष इनामदार मॅडम होत्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, आणि आवाज असा की ऐकायला पुढे झुकावं लागे. त्यांनी सुरुवात पुढच्या रांगेतून न करता मागच्या रांगेतून केली. मागे बसलेल्या वैभवने उभं राहून "आमच्या इथला सुसज्ज संगणक कक्ष" असं सुरू केलं, तेव्हा सागरने दचकून त्याच्याकडे पाहिलं. एकाच मजकुराची चिठ्ठी चुकून दोघांना गेली होती. वैभवनंतर सागरची पाळी आली. बिचाऱ्याने दुसरं काही सुचेना म्हणून तेच वाक्य शब्द न शब्द म्हटलं.

"दोघांनाही अगदी एकच वाटलं," मॅडम म्हणाल्या. "स्वल्पविरामासकट." बाजूच्या सदस्याने मान खाली घालून हसू लपवलं. सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला त्यांची फार कीव आली.

मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "आणि आपण? आपण काय करता?"

मी उभी राहिले. चिठ्ठीतलं वाक्य तोंडात तयार होतं. त्या क्षणी मी सरांकडे पाहिलं असतं तर कदाचित ते बोललेही असते. पण माझी नजर अण्णांकडे गेली.

"मी घर सांभाळते," मी म्हणाले. "दुसरं काही करत नाही."

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. मॅडमनी यादी वर-खाली पाहिली. "इथं तर आपल्या नावापुढं स्वतःचा व्यवसाय असं लिहिलंय."

"घरकामाला रकाना नाही म्हणून तसं लिहिलंय."

"असं होय. मग या तीन वर्षांच्या शिक्षणाचा आपल्याला काय उपयोग झाला?"

त्या खवचटपणे विचारत नव्हत्या. त्यांना खरंच ऐकायचं होतं. तसं मला गेल्या चार वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं, आणि म्हणून असेल, मी एकदा बोलायला लागले ती थांबलेच नाही.

"तिसऱ्या वर्षाला सरांनी आम्हाला बाजारात पाठवलं," मी म्हणाले. "जो धंदा गावात आहे त्याचाच अभ्यास करायचा, पुस्तकातल्या कंपन्यांचा नाही, असा त्यांचा नियम. मी बेदाण्याचा सौदा, म्हणजे लिलाव, अभ्यासाला घेतला. सौद्यात खरेदीदार पेटीतून मूठभर माल उचलतात, बघतात, वास घेतात, चार दाणे तोंडात टाकतात आणि उरलेला खाली टाकतात. पेटीत परत टाकत नाहीत. पूर्वीपासूनची पद्धत आहे. त्याला बाजारात उधळण म्हणतात. तूट शेतकऱ्याची. सगळे म्हणायचे, चार दाण्यांनी काय होतंय? सर म्हणाले, म्हणतात ते सोड, वजन कर. आठवड्याला दोन सौदे. मी अकरा सौदे तिथं बसले. दुपारी झाडणाऱ्या बायका जमीन झाडायच्या, तो माल मी काट्यावर घालायची. एका दुकानासमोर अकरा सौद्यांत एक्क्याण्णव किलो."

"एक्क्याण्णव," मॅडमनी लिहून घेतलं.

"तिथं बायका म्हणजे फक्त झाडणाऱ्या. मलाही त्यांच्यातलीच समजायचे. धुळीमुळे तोंडाला स्कार्फ बांधलेला असायचा. पहिल्या दिवशी रडू आलं होतं, घरी जावंसं वाटलं. अकराव्या दिवशी मला सौद्यातलं सगळं कळत होतं. कोण भाव पाडतोय, कोण उगाच तोंड वाकडं करतोय. मॅडम, इथलं बलस्थान विचारत असाल तर ते अकरा सौदे. दुसरं मला माहीत नाही." मॅडमनी वहीचं पान उलटलं. "आणि उणीव विचारत असाल तर, बाराव्या सौद्याला मला कुणी बोलावलं नाही. मला नाही आणि त्या अकरा मुलींनाही नाही. त्यांची नावं यादीत नाहीत. त्यांनाही सरांनी असंच शिकवलं होतं."

मी बसले. आता झालं, असं वाटलं. सरांकडे बघायची हिंमत होईना. शिवलीलाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मला स्वतःचा संताप आला. चिठ्ठीवरचं एक वाक्य बोलायला काय जात होतं?

मॅडम उजवीकडे वळल्या. "शेटे साहेब, आपण बाजारातले. या प्रकल्पांचा आपल्याला कधी उपयोग झाला का?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सौद्यात शेवटचा भाव सांगताना ते असंच करायचे, हे मला अकरा सौद्यांमुळे माहीत होतं.

"उपयोग म्हंजे, त्याचं असं झालं," ते म्हणाले. "चार-पाच वर्सं झाली असतील. या मास्तरांनी धा दुकानांत एकेक पुस्तक पाठवलं. आमच्या अभ्यासात ते इंग्रजीत असतंय म्हणाले, पर ज्यांच्याविषयी लिव्हलंय त्यांना वाचता आलं पायजे, म्हणून मराठीत केलंय. वर नाव न्हवतं. परीक्षेचा नंबर होता. सतरा."

मी खुर्चीत पुढे सरकले. तो माझा नंबर होता.

"आत दुकानांची नावं न्हाईत. दुकान नंबर एक, नंबर दोन असंच. पर नंबर चारचं वर्णन वाचलं आन मला कळलं, हे आपलंच. दाराशी लिंब हाय, काटा डाव्या अंगाला हाय. एक्क्याण्णव किलो! मला पटंना. म्हटलं, शिकलेलं पोरगं, दिलंय काय तरी ठोकून. मग मी सोताच एक सौदा वजन केलं. साडेआठ किलो भरलं. तवापासनं माझ्या दुकानात खाली ताडपत्री आन पेटीपुढं परात. मूठ परातीत सोडायची, खाली न्हाई. बाकीचे अडते हसले. हसूंदेत. आन त्यात शेवटी, बारीक अक्षरात खाली, लिव्हलं हुतं. झाडणाऱ्या बायका सांगतात की हा झाडलेला माल इकूनच त्यांचं घर चालतंय, माल सांडायचा बंद केला तर त्यांचं काय त्येचा इचार करावा. तेबी मी वाचलं. त्या दोघींला मी रोजावर घेतलं."

मी सौद्यात झाडणाऱ्या शांतामावशीचं ते बोलणं तळटिपेत लिहिलं होतं. ऐकलेलं होतं ना.

अण्णा आता सरळ माझ्याकडे बघत होते. चार वर्षांत पहिल्यांदा. "सतरा नंबर तू हुतीस?"

"हो, अण्णा."

"मी समजलो, कुणी पोरगं असंल."

गुरव सर एकदा माझ्याकडे, एकदा अण्णांकडे बघत राहिले. मॅडमनी विचारलं, "आपण ओळखता यांना?"

"सून हाय माझी," अण्णा म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "चार वर्सं घरात हाय," असं हळूच पुढे जोडलं.

घरी जाताना कॉलेजच्या जीपमध्ये मी मागे बसले होते, अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी. बसस्टँड मागे पडल्यावर ते म्हणाले, "कधी सांगितलं न्हाईस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मला बघितलं हुतंस का तवा? सौद्यात?"

"रोज. तुम्ही मला दोनदा, 'ए बाई, बाजूला हो,' असं म्हणाला होतात."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मला बघायला आले त्या दिवशी मी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आले आणि बघते तर दुकान नंबर चार समोर सोफ्यावर बसलेलं. त्यांना कशी ओळख लागणार, स्कार्फ नव्हता ना. आईने नंतर दम भरला, "तोंड उघडशील तर बघ. होणाऱ्या सासऱ्याला त्याच्या सांडलेल्या मालाचं वजन सांगायला निघालीय!" मीही नाही उघडलं. पुढे सवय झाली.

त्या सोमवारी समितीचा निर्णय कळला. तीन वर्षांची मुदतवाढ. शेऱ्यांत बलस्थान म्हणून एकच ओळ होती : स्थानिक व्यापारावर आधारित प्रत्यक्ष अभ्यास. संगणक कक्ष उणिवांत गेला होता. आणि संधी या मथळ्याखाली लिहिलं होतं : माजी विद्यार्थिनींची यादी नव्याने करावी, रकाने वाढवावेत. सरांनी मला हे फोनवर वाचून दाखवलं. मी म्हणाले, "सर, मी चिठ्ठी वाचली नाही, रागावलात का?"

"रागावलो होतो," ते म्हणाले. "तू उभी राहून घर सांभाळते म्हणालीस तेव्हा फार रागावलो होतो." मग ते खाकरले. "नंतर स्वतःवर."

मंगळवारी अण्णा स्वतः शिवलीलाला घेऊन कॉलेजात गेले आणि फॉर्म भरून आले. जमखंडीला नकार कळवला. शिवलीला आनंदाने माझ्या गळ्यात पडली, आत्याबाईंनी गोडाचं केलं. मला मनापासून बरं वाटलं. पण खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं की आता अण्णा मलाही काही म्हणतील. गुरुवारी सकाळी ते सौद्याला निघाले तेव्हा मी चहाचा कप देऊन जरा जास्तच वेळ उभी राहिले. त्यांनी चहा प्यायला, कप ठेवला, चपला घातल्या. पुढच्या सोमवारीही तसंच. काही म्हणायचं असल्यासारखं एकदा दारात थांबले, आणि मग "छत्री कुठं हाय?" असं विचारलं.

त्या दिवशी दुपारभर मी चिडचिड केली. भांडी आपटली. शिवलीला म्हणाली, "वहिनी, काय झालंय तुला?"

"कुणी बोलावत नाही," मी म्हणाले.

"तवा कुणी बोलावलं हुतं? अकरा सौदे बसलीस ते?"

हातातलं भांडं मी खाली ठेवलं. सरांनी पाठवलं होतं हे खरं, पण बाजाराने कुठे बोलावलं होतं? अठरा वर्षांच्या पोरीला कळलं ते मला चार वर्षांत कळलं नव्हतं, आणि भर सभागृहात मी ते उणीव म्हणून सांगून आले होते.

गुरुवारी मी भाकरी लवकर उरकल्या. आत्याबाईंना सांगितलं, "सौद्याला जाऊन येते."

"डबा द्यायला?"

"नाही. बसायला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "पदर नीट खोच. तिथं धूळ असती म्हणतात."

स्कार्फ मी मुद्दाम घेतला नाही. लिंबाखालून आत गेले तेव्हा सौदा रंगात आला होता. पेट्या उघडल्या होत्या, परातींत मुठी सुटत होत्या. मला बघून पुढचे दोघे-तिघे बोलायचे थांबले, मग त्यांच्यामागचे थांबले. कोपऱ्यातून शांतामावशी खराटा टेकवून म्हणाली, "आलीस व्हय? लई दिस लावलंस की गं."

अण्णा गादीवर होते. त्यांनी मला पाहिलं. आता ते पंख्याकडे बघतील असं वाटलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मारुती," त्यांनी हमालाला हाक मारली, "काटा तिच्याकडं सरकव."

मारुतीने काटा उचलून माझ्यापुढे आणून ठेवला. कुणीतरी स्टूल दिलं. मी बसले, पिशवीतून वही काढली आणि वर तारीख घातली. त्याखाली लिहिलं, सौदा बारावा.